जागा झालेला माणूस आणि जमलेला जमाव

एखादे मराठी पुस्तक हाती आले की आपण मुस्लिम वाचक त्यात मुसलमान कुठे आणि कसा आला आहे, ते आधी शोधतो. ही सवय अनुभवाने लागलेली आहे. तिच्याबद्दल लाज बाळगण्याचे कारण नाही. परंतु काही पुस्तके या सवयीने वाचू गेल्यास परीक्षा पुस्तकाची न होता आपली होते. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे अशांपैकी एक. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आज ते चळवळीचा इतिहास म्हणूनच वाचले जाते. माझ्या मते ते त्याहून अधिक, माणूस माणसाशी कसा वागतो याचे पुस्तक आहे.

माकुणसारसारख्या किनाऱ्याजवळच्या गावातून पाहिले तर पुस्तकातला मुलूख फार दूरचा नाही. तलासरी, डहाणू आणि आज गुजरातेत असलेला उंबरगाव हा तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा भाग. तिथला वारली जमीनदाराकडे वेठीला जाई. लग्नासाठी कर्ज काढले की तो 'लग्नगडी' होई, म्हणजे कर्जापोटी बायकोसह राबे. हा जुल्म करणारे जमीनदार-सावकार कोणत्या एका धर्माचे नव्हते. त्यांत हिंदू होते, पारशी होते, आणि मुसलमानही होते. आपली शोधण्याची सवय इथे अडखळते. अन्याय सोसणारा म्हणून स्वतःला पाहण्याची सवय झालेल्या वाचकाला अन्याय करणाऱ्यांच्या रांगेतही आपले माणूस दिसते. ते पाहण्याची तयारी असेल तरच हे पुस्तक आपले होईल. हमीद दलवाईंनी 'इंधन'मध्ये (१९६५) कोकणातल्या आपल्याच गावाकडे असे पाहून ठेवले आहे.

पुस्तकाची खरी ताकद मदतीच्या प्रश्नात आहे. लेखिका पुण्याची, शिकलेली, वकिलीचे शिक्षण घेतलेली. ती वारल्यांना काही 'द्यायला' गेली असती तर फार तर आणखी एक मायबाप तयार झाला असता. ती त्यांच्या झोपडीत राहिली, त्यांचे जेवली, आणि मुख्य म्हणजे त्यांची भीती समजून घेत राहिली. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. हा ठराव त्यांच्या तोंडून येणे हीच मदत. खैरात आणि साथ यांतला फरक मराठीत इतक्या साधेपणाने फार थोड्यांनी सांगितला आहे.

उणीवही सांगितली पाहिजे. जुल्म करणाऱ्याचे मन या पुस्तकात बाहेरूनच दिसते. घरी लेकरांचे लाड करणारा, देवाधर्माचे सगळे पाळणारा माणूस दुसऱ्याला गुरासारखा कसा राबवू शकतो? लेखिकेच्या विचारसरणीत याचे उत्तर तयार आहे, त्यामुळे ती तिथे फारशी थांबत नाही. १९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी याच प्रश्नाला हात घातला. वरून हुकूम आला म्हणून साध्या माणसांनी समोर न दिसणाऱ्या माणसाला विजेचे धक्के द्यायचे असा तो प्रयोग. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. तोच माणूस शेजारी बसवल्यावर हे प्रमाण घटले. मात्र डहाणूचा जमीनदार वारल्याला रोज समोर पाहत होता. म्हणजे नुसते जवळ असणे पुरत नाही. समोरचा आपल्यासारखाच आहे हे मान्य करावे लागते.

आता दोन अफवा शेजारी ठेवून पाहू. ऑक्टोबर १९४५ मध्ये गोदूताईंची सभा आहे, अशी खोटी बातमी पसरवून वारल्यांना तलवाड्याला जमवण्यात आले. जमाव मोठा होता, पण तो कुणावर चालून गेला नाही. गोळ्या पोलिसांनी झाडल्या. पाच जण मेले. १६ एप्रिल २०२० रोजी त्याच डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे मुले चोरणारे आल्याच्या अफवेने जमाव जमला आणि त्याने दोन साधू व त्यांचा चालक यांना ठार मारले. पोलीस तिथे होते. टाळेबंदीची भीती होती, रात्र होती, हे सगळे खरे. तरी मला वाटते, पहिल्या जमावाला एक नाते बांधून ठेवत होते. दुसऱ्याला बांधून ठेवणारे कुणी उरले नव्हते. जाग एकदा आली म्हणजे कायमची, असे नसते. पुस्तकाच्या शीर्षकातला 'जेव्हा' म्हणूनच महत्त्वाचा आहे.

त्या घटनेनंतर तिसरी अफवा उठली: मारणारे मुसलमान होते. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, हे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर करावे लागले. तो घाव आपण विसरलेलो नाही. पण आपल्या फोनवर आलेली प्रत्येक गोष्ट आपण तरी पडताळून पुढे पाठवतो काय? कळलेल्या बातमीची शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाचे नुकसान कराल, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. ती आपल्यासाठीच आहे.

वाडीत, मिठागरात, वीटभट्टीवर येणारा आदिवासी मजूर आपण रोज पाहतो. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? परुळेकरांचे पुस्तक मिटल्यावर हाच प्रश्न मागे उरतो, आणि त्याचे उत्तर पुस्तकात नाही.