प्रात्यक्षिकातील तोंडी परीक्षेची तयारी : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाला जोडून तोंडी परीक्षा घेतली जाते. हाताने केलेल्या कृतीमागे विचार आहे की नाही, हे पडताळणे हा तिचा मूळ हेतू होय. लेखी उत्तर एकदा लिहिले की संपते. तोंडी उत्तरावर मात्र पुढचा प्रश्न विचारता येतो. हेच या परीक्षेचे बळ आहे. तथापि विद्यार्थी तिची तयारी ज्या रीतीने करतात ती पाहता हा हेतू कितपत साधतो, याविषयी शंका निर्माण होते. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात या तयारीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या परिसराला उच्च शिक्षणाची मोठी परंपरा आहे. १९१९ या एकाच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तर १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. या विस्तारामुळे माण, खटाव, जत, आटपाडी यांसारख्या दुष्काळी तालुक्यांतील मुलेमुली प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली. त्यांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले असते. म्हणून येथे तोंडी परीक्षेचा प्रश्न केवळ मूल्यमापनाचा राहत नाही. तो शिक्षणाच्या प्रसाराशी जोडला जातो.

तयारीचे प्रचलित रूप

परीक्षा आठ दिवसांवर आली की जर्नल पूर्ण करून त्यावर सह्या घेण्याची धावपळ सुरू होते. त्याच सुमारास मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांकडून आलेली प्रश्नोत्तरांची वही हातोहात फिरू लागते. व्याख्या, एकके, सूत्रे, उपकरणाचे लघुतम माप अशा ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे पाठ केली जातात. याचा दोष सहसा विद्यार्थ्यांच्या आळसावर टाकला जातो. परंतु तो अपुरा खुलासा आहे. विचारले जाणारे प्रश्न वर्षानुवर्षे तेच असतील आणि विद्यार्थ्याने स्वतः घेतलेल्या नोंदींशी त्यांचा संबंध नसेल, तर पाठांतर हीच सर्वांत शहाणपणाची तयारी ठरते. ज्या प्रश्नाचे उत्तर प्रयोग न करताही देता येते, तो प्रश्न प्रयोगाची परीक्षा घेत नाही.

एका प्रयोगाचे उदाहरण

बार पेंडुलमच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग सर्वपरिचित आहे. जर्नलमध्ये शेवटी प्रमाण मूल्य म्हणून ९८० किंवा ९८१ सेंमी प्रति वर्ग सेकंद असे लिहिण्याची प्रथा आहे. आलेले उत्तर या आकड्याजवळ नसेल, तर निरीक्षणे मागाहून जुळवून घेण्याचा मोह होतो. वस्तुतः ९८०.६६५ हे मूल्य १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने संकेत म्हणून ठरविले आहे. ते प्रत्येक गावाचे मूल्य नव्हे. अक्षांश आणि उंची यांचा हिशेब केला असता सातारा व सांगली या दोन्ही ठिकाणी ते ९७८ च्या आसपास येते.

परंतु हा फरक तरी या उपकरणाला कळतो काय? मीटरभर लांबीच्या दांड्याच्या २० दोलनांना सुमारे ३२ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक झाली, तर आवर्तकालात सुमारे ०.६ टक्के चूक होते. त्वरण आवर्तकालाच्या वर्गावर अवलंबून असल्याने त्यातील चूक दुप्पट, म्हणजे सुमारे १२ एककांची होते. तेव्हा ९७० लिहिणारा विद्यार्थी चुकलेला नसतो आणि नेमके ९८० लिहिणारा अधिक कुशल ठरत नाही. ‘तुमच्या उत्तरावर तुम्ही किती विश्वास ठेवाल आणि का?’ या एका प्रश्नाने हे सर्व उलगडता येते. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही वहीत तयार मिळत नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या निरीक्षण-तक्त्यात असते. असा प्रश्न येणार हे ठाऊक असेल, तर विद्यार्थी प्रयोगाच्या दिवशीच तयारीला लागेल.

भाषेचा प्रश्न

दुसरा मुद्दा भाषेचा आहे. तासगावच्या द्राक्षबागेत वाढलेल्या विद्यार्थ्याला बोर्डो मिश्रण नवीन नसते. मोरचूद आणि चुना यांचे हे मिश्रण तयार झाल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. विळ्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजून तो आणखी घालतात. एरवी पाने करपतात. लोखंड द्रावणातील तांब्याला विस्थापित करते, हे रसायनशास्त्रातील तत्त्व त्याने बागेत डोळ्यांनी पाहिलेले असते. तोच विद्यार्थी विद्युत-रासायनिक श्रेणीवरील इंग्रजी प्रश्नापुढे गप्प बसतो आणि त्याचे मौन अज्ञान म्हणून नोंदविले जाते. येथे तपासले गेले ते रसायनशास्त्र की इंग्रजी, हा प्रश्न परीक्षकाने स्वतःला विचारणे अगत्याचे आहे.

एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठांना सुचविले. लेखी परीक्षेबाबत जे इष्ट मानले गेले, ते तोंडी परीक्षेत तर अधिकच स्वाभाविक आहे. यासाठी जड पारिभाषिक मराठीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. टायट्रेशन, इंडिकेटर हे शब्द तसेच ठेवून कारणमीमांसा मराठीत करता येते. शिकवताना बहुतेक प्राध्यापक तेच करतात.

संभाव्य आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारल्यास समानता राहणार नाही. परंतु प्रश्न वेगळे असले तरी निकष एकच ठेवता येतो : स्वतःच्या निरीक्षणाचे समर्थन करता येणे. दुसरा आक्षेप असा की, पदव्युत्तर शिक्षण व नोकरी यांसाठी इंग्रजी आवश्यक आहे. हे खरेच आहे. मात्र इंग्रजी शिकविणे हे वर्षभराचे काम आहे, परीक्षेच्या चार-पाच मिनिटांत तिच्या अभावाची शिक्षा देणे हे त्याचे साधन नव्हे. वेळेची अडचण मात्र खरी आहे. मोठी बॅच आणि थोडा वेळ असता परीक्षक ठरावीक प्रश्नांकडे वळतो, हे समजण्यासारखे आहे. तरीही जर्नलचे एक पान उघडून त्यातील एका नोंदीवर प्रश्न विचारण्यास व्याख्या विचारण्यापेक्षा अधिक वेळ लागत नाही.

समारोप

तोंडी परीक्षेची तयारी सुधारावयाची असेल, तर सुरुवात प्रश्नांपासून करावी लागेल. वर्षभर दर प्रात्यक्षिकाच्या अखेरीस जोडीदार विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या नोंदींवर दोन प्रश्न विचारावेत, विसंगत निरीक्षण खोडण्याऐवजी त्याखाली कारण लिहावे आणि परीक्षेत प्रथम उत्तर विद्यार्थ्याला सुचेल त्या भाषेत ऐकून घ्यावे, एवढे बदल कोणत्याही खर्चाशिवाय शक्य आहेत. ज्या मुलामुलींसाठी या परिसरात महाविद्यालये उभी राहिली, त्यांना प्रयोगशाळेत प्रवेश मिळाला आहे. तेथे त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.