नाव आणि निदान

'पीएसए' या रक्तचाचणीस मराठीत सर्रास 'कर्करोगाची चाचणी' म्हटले जाते. ही संज्ञा सदोष होय. मूळ नावातील 'विशिष्ट' हे पद प्रोस्टेट ग्रंथीला लागते, रोगाला नव्हे. ग्रंथीची साधी वाढ वा दाह यांतही या प्रथिनाचे प्रमाण वाढते. नाव पुराव्याच्या पुढे धावल्याचे उदाहरण परळचेच आहे. तेथील प्रजनन-संशोधन संस्थेत अनिल शेठ प्रभृतींनी वीर्यातील एका प्रथिनास, ते पियूषिकेच्या स्रावास आवर घालते म्हणून, 'इन्हिबिन' म्हटले. १९८५ च्या सुमारास ते 'बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन'च ठरले. कर्करोगात तर ते घटते. चिन्हक म्हणजे निदान नव्हे. 'प्रोस्टेट-विशिष्ट प्रतिजन' ही संज्ञा जड खरी. परंतु ती रुग्णास अकारण मृत्युभय देत नाही.