‘असाध्य’ या विशेषणाची मर्यादा

शास्त्रीय निबंधातील आकडे ज्या काटेकोरपणे तपासले जातात, त्या काटेकोरपणे त्यातील विधानांची घडण क्वचितच तपासली जाते. १४ जून २०२३ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला आयबीएमच्या संशोधकांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. १२७ क्युबिटांच्या ‘ईगल’ या क्वांटम संगणकावर, ठराविक कालांतराने आघात होणाऱ्या आयसिंग प्रतिमानाची कालगती त्यात अभ्यासिली आहे. क्रियांचे ६० थर आणि द्विक्युबिट क्रिया २,८८० असा या प्रयोगाचा विस्तार होय.

अशा बहुकण प्रणालीचे गणित नेहमीच्या संगणकास जड का जाते, हे सर्वश्रुत आहे. १२७ क्युबिटांची अवस्था संपूर्ण लिहावयाची तर १ वर ३८ शून्ये याहूनही अधिक संख्या नोंदवाव्या लागतील. परंतु खरी अडचण या संख्येत नाही. ती क्युबिटांच्या परस्पर-गुंफणीत आहे. गुंफण अल्प असेल तर अवस्था संक्षेपाने लिहिता येते. स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ साली मांडलेल्या पद्धतीचे यश याच तत्त्वावर उभे आहे. मात्र प्रणाली काळात पुढे सरकू लागली की गुंफण सामान्यतः वाढत जाते आणि संक्षेपाचा लाभ ओसरतो.

तीव्र गुंफणीच्या क्षेत्रात टेन्सर-जालांच्या दोन प्रमुख पद्धती अपुऱ्या पडतात व क्वांटम संगणक मात्र योग्य उत्तर देतो, असे निबंधाचे प्रतिपादन होते. याला उत्तर मिळण्यास महिनाही लागला नाही. टिंडल, फिशमन, स्टाउडेनमायर व सेल्स यांनी क्युबिटांच्या मांडणीशी जुळणारे टेन्सर-जाल योजून त्या यंत्राहूनही अचूक उत्तरे काढली. बेगुशिच व चॅन यांनी पाउली-कारकांच्या विस्तारातील नगण्य पदे गाळून हेच गणित लॅपटॉपच्या एकाच गाभ्यावर यंत्रापेक्षा अनेकपट वेगाने केले.

येथे मराठी व्याकरणातील शक्य क्रियापदाचे स्मरण होते. ‘त्याच्याने चालवत नाही’ या वाक्यात असामर्थ्य कोणाचे, हे सांगितल्यावाचून विधान पुरे होत नाही. ‘असाध्य’ हे विशेषण मात्र कर्त्यास व साधनास गाळून टाकते. मूळ निबंधात साधनांचा निर्देश होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु चर्चेच्या ओघात ‘या दोन पद्धतींनी साधत नाही’ याचे ‘नेहमीच्या संगणकाने साधत नाही’ असे रूपांतर सहज होते. पहिले विधान प्रयोगाने सिद्ध होते. दुसऱ्यास गणिती सिद्धता हवी, व ती निबंधात नाही.

तथापि प्रत्युत्तरासही हीच कसोटी लावली पाहिजे. ईगलवरील क्युबिटांच्या मांडणीत लहानातले लहान वेढे १२ क्युबिटांचे आहेत. त्यामुळे ते जाल जवळून पाहता वृक्षासारखे भासते, आणि टिंडल प्रभृतींची युक्ती तेथे फलद्रूप होते. लहान वेढ्यांच्या चौकटीत तीच युक्ती तितकी विश्वसनीय राहीलच असे नाही. म्हणून ‘नेहमीचा संगणक पुरेसा आहे’ हे सामान्य विधानही तितकेच अनुचित ठरते.

या वादातील सर्वांत मननीय गोष्ट निराळीच आहे. ज्या खोलीपर्यंत अचूक गणित उपलब्ध होते, तेथे यंत्राची उत्तरे पडताळून पाहिली गेली होती. त्यापलीकडील उत्तरांचा खरेपणा मुख्यतः अनुमानावर अवलंबून होता. त्या उत्तरांना भरीव पुष्टी मिळाली ती नंतर आलेल्या नेहमीच्या संगणकावरील गणितांमुळेच. म्हणजे ज्या गणिताने यंत्राची अनन्यता हिरावून घेतली, त्याच गणिताने यंत्राची विश्वसनीयता प्रस्थापित केली. दोन्ही एकाच वेळी मिळविणे, म्हणजे जे अन्य कोणाच्याने करवत नाही ते करणे आणि ते बरोबर आहे हेही दाखविणे, हा या क्षेत्रापुढील खरा प्रश्न होय.

तात्पर्य, ‘असाध्य’ हा शब्द भेटताच अभ्यासकाने तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या पद्धतीने, किती अचूकतेपर्यंत, आणि कोणत्या मांडणीवर? ही उत्तरे न देणाऱ्या विधानास निष्कर्ष न मानता केवळ अपेक्षा मानणेच श्रेयस्कर.