कल्पनेचा ताळा

१९७१ साली बॉस्टनमध्ये विज्ञानकथांचं जागतिक संमेलन भरलं होतं. तिथे एमआयटीची मुलं घोषणा देत फिरत होती: ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!’ त्यांचा राग एका कादंबरीवर होता. लॅरी निव्हनच्या ‘रिंगवर्ल्ड’मध्ये एका ताऱ्याभोवती अजस्र कडं उभं केलेलं आहे. त्याची त्रिज्या पृथ्वी-सूर्य अंतराएवढी, रुंदी सुमारे सोळा लाख किलोमीटर आणि आतल्या अंगाला राहण्याजोगी जमीन. त्याच संमेलनात या कादंबरीला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि तिथेच तिच्या नावाने ओरडाही झाला.

मुलांचं गणित बरोबर होतं. ताऱ्याभोवतीचं घन कडं आपणहून जागेवर राहत नाही. ते तसूभर सरकलं की सरकतच जातं आणि शेवटी ताऱ्यावर आदळतं. शनीची कडी घन असू शकत नाहीत हे दाखवताना मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकातच याचा निकाल लावला होता. निव्हनने चूक मान्य केली आणि पुढच्या कादंबरीत कड्याच्या काठावर ते जागेवर धरणारी इंजिनं बसवली. एवढ्यावर तो थांबला नाही; तिथल्याच एका जमातीने यातली बरीचशी इंजिनं उपटून आपल्या यानांना लावली आणि म्हणून कडं ढळू लागलं, असं कथानक त्याने रचलं. वाचकांनी काढलेल्या चुकीतून त्याला नवी गोष्ट मिळाली.

पहिल्या आवृत्तीत आणखी एक घोळ होता. नायक लुई वू आपला वाढदिवस लांबवण्यासाठी एका शहरातून दुसऱ्या शहरात क्षणार्धात पोचत राहतो, पण जातो पूर्वेकडे. तसं गेल्यावर वाढदिवस लांबायच्या ऐवजी लवकर आटोपेल. नंतर दिशा सुधारली गेली; ती चुकीची आवृत्ती आता संग्राहक शोधत असतात.

शाळेत गुणाकार झाला की नवांचा ताळा करायला लावत. आकडे जमले नाहीत तर उत्तर नक्की चुकलं. पण जमले म्हणून ते बरोबरच असेल, असं मात्र नाही. कल्पित जगांच्या परीक्षेचं आज नेमकं असंच झालं आहे. गुरुत्वाकर्षण, कक्षा, अंतरं यांचा ताळा हौशी वाचकही काटेकोरपणे करतात. त्या जगात धान्य कुठून येतं, कर कोण भरतो, कोण कोणाच्या पोटी जन्मतो, हे प्रश्न बहुधा तसेच राहतात.

ही परीक्षा खेळ म्हणून रूढ करण्यात हॅल क्लेमेंटचा वाटा मोठा आहे. पेशाने तो शाळेत विज्ञान शिकवायचा. ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ (१९५३) या कादंबरीतला त्याचा मेस्क्लिन ग्रह इतक्या वेगाने फिरतो की दिवस जेमतेम अठरा मिनिटांचा होतो आणि ग्रह चपटा होतो. विषुववृत्तावर पृथ्वीच्या तिप्पट गुरुत्वाकर्षण, तर ध्रुवांवर जवळपास सातशेपट. लेखकाने नियम मांडायचे आणि वाचकाने चूक शोधायची, असा हा सामना. एमआयटीच्या मंडळींनी तोही हिशेब तपासला, तेव्हा ग्रहाची विषुववृत्ताकडची कड चांगलीच धारदार असायला हवी, असं निघालं.

पण क्लेमेंटचं खरं यश त्याने निर्माण केलेल्या प्राण्यांत आहे. मेस्क्लिनवासी सुरवंटासारखे, जमिनीला चिकटून चालणारे. काही इंचांवरून पडणं म्हणजे मृत्यू, म्हणून उंचीची त्यांना धडकी भरते. डोक्यावर एखादी जड वस्तू असणं त्यांना असह्य होतं आणि वस्तू फेकता येते ही कल्पनाच त्यांना नवखी आहे. इथे गुरुत्वाकर्षण आकड्यांतून उतरून स्वभावात मुरतं. असा पल्ला गाठणारे लेखक तेव्हाही थोडे होते.

टॉल्किनचा ताळा दिनदर्शिकेचा होता. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना त्याच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रकरणांतल्या चंद्रांचा एकमेकांशी मेळच बसत नाही. मग मागची प्रकरणं पुन्हा लिहिणं आलं. ‘द हॉबिट’च्या बाबतीत त्याने याहून धाडसी दुरुस्ती केली. १९३७च्या आवृत्तीत गॉलम बिल्बोला अंगठी द्यायला राजी होता. पुढच्या कथेतली अंगठी इतकी घातक ठरली की हे शक्यच राहिलं नाही. १९५१च्या आवृत्तीत प्रसंग बदलला आणि जुना प्रसंग म्हणजे बिल्बोने मारलेली थाप होती, असं ठरलं. विसंगतीच अंगठीच्या दुष्ट प्रभावाचा पुरावा होऊन बसली. तरीही या जगाच्या तिजोरीचा पत्ता लागत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिनने २०१४च्या एका मुलाखतीत राजा झालेल्या ॲरागॉर्नच्या करधोरणाची चौकशी केली ती याचमुळे.

सिनेमात हा असमतोल आणखी ठळक दिसतो. ‘इंटरस्टेलर’मध्ये (२०१४) एका ग्रहावरचा एक तास पृथ्वीवरच्या सात वर्षांएवढा हवा, हा क्रिस्टोफर नोलनचा हट्ट. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नने गणित करून सांगितलं की कृष्णविवर कमाल मर्यादेच्या अगदी जवळच्या वेगाने फिरत असेल तर हे शक्य आहे. त्याच चित्रपटात एक रोग पृथ्वीवरची पिकं एकेक करून संपवतो. गहू गेला, आता भेंडीही चालली, उरला फक्त मका. इतक्या वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पतींना एकच रोग कसा काय लागतो? थॉर्नने जीवशास्त्रज्ञांना जेवायला बोलावून त्यांच्याशी यावर चर्चा केली, तेव्हा त्यांनाही असं घडणं फारसं संभवनीय वाटलं नाही. कृष्णविवराला सूट मिळाली नाही, भेंडीला मिळाली.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) विज्ञान नाही, पण हिशेब पक्का आहे. हस्तर या शापित देवाला सोनं मिळालं, अन्न नाही. म्हणून तो कायमचा भुकेला. पिठाच्या रिंगणात उभं राहायचं, कणकेची बाहुली टाकायची आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटीतली मोहर ओढायची. नियम एवढाच. मग नायक विनायकच्या मुलाला सुचतं: एकाऐवजी अनेक बाहुल्या नेल्या तर? नेतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर येतात. बापलेकांचा घात बाहेरून येत नाही, पहिल्या नियमाच्या पोटातून येतो.

मराठी विज्ञानकथेत ही कसोटी लावायला जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’सारखी दुसरी जागा नाही. तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, मराठे जिंकतात आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे त्या वेगळ्या भारतात जाऊन पडतात. त्यातले तपशील चोख आहेत. मुंबई तेवढी इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने उरलेली, म्हणून पुण्याहून येणारी गाडी ‘सरहद्द’ नावाच्या स्टेशनवर थांबते आणि तिथे परवाने तपासले जातात. पंत मुलाला भेटायला त्याच्या कचेरीत जातात. त्या नावाचा कोणी तिथे कामालाच नाही.

मात्र टाऊन हॉलच्या ग्रंथालयात ते स्वतःचे इतिहासाचे पाच खंड मागवतात आणि ते मुकाट्याने टेबलावर येतात. पहिले चार जसेच्या तसे; फरक फक्त पाचव्यात. १७६१ पासून दोन शतकं देशाचा इतिहास वेगळा घडला, तरी हेच गायतोंडे जन्मले, इतिहासकारच झाले आणि पाचच खंड लिहून बसले! शिवाय इंग्रजांच्या मुंबईत ‘आझाद’ मैदान कुठून आलं? कथेच्या शेवटी पंत पुरावा म्हणून तिथल्या बखरीचं फाटलेलं पान पुढे करतात आणि त्यांचा मित्र राजेंद्र देशपांडे पुंजभौतिकीच्या आधाराने दोन जगांचा उलगडा करतो. ग्रंथालयातल्या त्या पाच खंडांबद्दल मात्र दोघांपैकी एकही जण चकार शब्द काढत नाही.