मर्यादित आवृत्तीचा चिरूट

संपादकांनी यंदा माझ्याकडे एका कादंबरीचे परीक्षण मागितले होते. मी त्यांना एका चिरुटाचे परीक्षण पाठवीत आहे. दोहोंत वाटतो तितका फरक नाही. या चिरुटाचे नाव कादंबरीतूनच आलेले आहे, आणि त्याच्या कमरपट्ट्यावर 'मर्यादित आवृत्ती' असेही छापलेले आहे. आम्हा मराठी कादंबरीकारांच्या सगळ्याच आवृत्त्या मर्यादित असतात. पण ती गोष्ट सोनेरी अक्षरांत मिरवण्याजोगी आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

माझा एक जुना विद्यार्थी व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. शाळेत त्याला माझ्या विषयात, म्हणजे चित्रकलेत, कधी धड गुण पडले नाहीत. त्याने काढलेला घोडा आणि त्याने काढलेले टेबल यांत मला फरक करता येत नसे. पण मास्तरांना तो विसरला नाही. वैशाखात घरी आला तेव्हा त्याने कागदात गुंडाळलेली एक लांबोडकी वस्तू माझ्या हातात ठेवली. "सर, क्यूबाचा आहे. माँटेक्रिस्टो दान्तेस, २०१६ सालचा. आता पुन्हा निघायचा नाही." किंमत मी विचारली, ती त्याने सांगितली नाही. त्यावरून जो अंदाज करायचा तो मी केला.

आता अडचण अशी की मी ओढीत नाही. हे पुण्यातल्या सभ्यपणामुळे नव्हे. आम्ही मूळचे निपाणीचे. बिडीच्या तंबाखूची ती मोठी पेठ. वडील तिथे एका व्यापाऱ्याच्या वखारीत मालाची पारख करीत आणि आई वखारीत तंबाखू चाळीत असे. वडील चिमूटभर माल तळहातावर घेत, फुंकर घालून धूळ उडवीत, हुंगत, जिभेच्या टोकावर ठेवीत आणि शेवटी निखाऱ्यावर टाकून राखेचा रंग पाहत. एवढ्यावर ते माल कोणत्या शिवारातला आणि पावसात सापडला होता की नाही, ते सांगत. तेच नाक शेवटच्या वर्षी काही सांगेनासे झाले. आईने चुलीवर डाळ करपवली तरी त्यांना कळत नसे. खोकल्याने ते गेले, तेव्हा मी आईला शब्द दिला की तोंडात बिडी धरणार नाही. तो मी आजवर पाळला.

म्हणून चिरूट चार महिने तसाच राहिला. असा माल थोड्या दमट हवेत, सीडर नावाच्या सुवासिक लाकडाच्या पेटीत ठेवायचा असतो, असे विद्यार्थ्याने बजावले होते. माझ्याकडे रंगांची जुनी लाकडी पेटी होती. ती रिकामी करून एका कोपऱ्यात ओला स्पंज ठेवला. पुण्याच्या पावसाळ्याने बाकीचे काम केले. त्या पेटीला जवसाच्या तेलाचा वास होता, हे आधीच कबूल करून ठेवतो. पुढे परीक्षणात जिथे तेलकट वास येईल, तिथे दोष चिरुटाचा नाही.

त्या चार महिन्यांत मी त्याच्याविषयी वाचले, आणि त्यातच समीक्षक म्हणून माझे नुकसान झाले. वाचल्यावर त्याच्याकडे नुसत्या नाकाने पाहणे मला जमेना. क्यूबाच्या चिरूट-कारखान्यांत एक विलक्षण प्रथा आहे. दीडदोनशे माणसे फळ्यांपुढे ओळीने बसून पाने वळीत असतात, आणि समोर चौथऱ्यावर बसून एक वाचक त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. सकाळी वर्तमानपत्र, मागाहून कादंबरी. हे सुरू झाले १८६५ साली, हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात. वाचकाचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत आणि काय वाचायचे तेही तेच ठरवीत. दुसऱ्याच वर्षी स्पॅनिश सरकारने या वाचनावर बंदी घातली, यावरून ते किती परिणामकारक होते ते दिसते. पण प्रथा मेली नाही. वाचलेले आवडले, की कामगार पाने कापायची अर्धचंद्राकृती सुरी फळीवर ठोकून दाद देतात.

अलेक्झांडर द्यूमाची 'काउंट ऑफ माँटेक्रिस्टो' ही कादंबरी या लोकांना फार प्रिय होती. १९३५ साली एक नवा चिरूट निघाला तेव्हा त्याला तिचेच नाव मिळाले. एडमंड दान्तेस हा तिचा नायक. खलाशी, खोट्या आरोपावरून चौदा वर्षे समुद्रातल्या किल्ल्यात कोंडलेला. जगातल्या कोणत्याही साहित्य अकादमीने कादंबरीला दिलेल्या मानापेक्षा हा मान मला मोठा वाटतो, आणि लिहिणारा माणूस म्हणून मला द्यूमाचा उघड हेवा वाटतो. माझ्या नायकाचे नाव उदबत्तीलासुद्धा कुणी देणार नाही.

'मर्यादित आवृत्ती'ची कल्पना मात्र कामगारांची नव्हे, ती विक्रेत्यांची. २००० सालापासून दरवर्षी काही मोजके आकार एकदाच काढायचे, त्यांवर जास्तीचा काळा-सोनेरी पट्टा चढवायचा, अशी ती रीत. तिच्यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणत नाही. या चिरुटांची पाने निदान दोन वर्षे मुरवलेली असतात आणि वरचे पान झाडाच्या वरच्या भागातले, जास्त गडद असे निवडतात. दोन वर्षे म्हणजे दोन वर्षे. ती कुणाला पट्टा छापून आणता येत नाहीत. पण 'पुन्हा निघणार नाही' हा काही गुण नव्हे. पुन्हा न निघालेल्या तीन कादंबऱ्या माझ्याच आहेत, आणि त्या का निघाल्या नाहीत हे मला पक्के ठाऊक आहे.

भाद्रपदातल्या एका रविवारी पाऊस उघडला. आई निपाणीहून आलेली होती. मी पेटी तिच्यापुढे ठेवली आणि सगळे सांगितले.

तिने चिरूट उचलला, कानाशी नेऊन बोटांत हलकेच दाबला, मग हुंगला. बराच वेळ हुंगला. "पान मुरलंय," ती म्हणाली. "उन्हातलं न्हाई ह्ये. सावलीत वाळीवलंय."

हे खरे होते, आणि मी तिला ते सांगितले नव्हते. निपाणीची तंबाखू शेतातच उन्हावर वाळते. चिरुटाचे पान झावळ्यांनी शाकारलेल्या उंच खोपटांत, काठ्यांवर टांगून, नुसत्या हवेवर वाळवतात. मग ढीग रचून ते आपल्याच उष्णतेने आंबू देतात. वरच्या पानासाठी तर पिवर डुएल रीओ... नाही, ते नाव मला नीट उच्चारता येत नाही. त्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यात शेतावर पातळ कापडाचा मांडवच घालतात, म्हणजे उन्हाने पान जाड होत नाही.

"मग वढू का?" मी विचारले.

"वढ. पर माझ्याम्होरं वढ."

चाळिशी उलटलेल्या मास्तराने आईसमोर बसून चिरूट ओढायचा, हा प्रसंग माझ्या बायकोला इतका असह्य झाला की ती मुलीला घेऊन तुळशीबागेत निघून गेली. आम्ही दोघे गच्चीवर गेलो. मी चित्रकलेच्या पात्याने टोक कापले. काडीपेटीच्या चार काड्या लागल्या.

चिरुटाचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडातच घोळवायचा असतो. जाणकार त्याचे तीन भाग मानतात, आणि ते मला पटले, कारण तो खरोखरच तीन प्रकरणांसारखा जळतो. पहिल्या भागात जवसाचे तेल आले, ते माझे. ते गेल्यावर कोरड्या लाकडाचा, नव्याने तासलेल्या पेन्सिलीचा वास आला; माझ्या सबंध नोकरीचा वास म्हणा ना. चव सौम्य, किंचित मिरमिरीत. सुरुवात करताना लेखक हात राखून लिहितो, तशी. मला वाटले, एवढ्यासाठी एवढा पट्टा?

मधला भाग आला आणि मी गप्प झालो. तिथे भाजलेल्या कॉफीचा वास होता, खाली गुळाच्या काकवीसारखे काहीतरी होते, आणि दोन्ही एकमेकांना न दडपता चालली होती. आतल्या पानांची कामे वाटून दिलेली असतात: झाडाच्या खालचे पान जळत राहण्यासाठी, मधले वासासाठी, वरचे जोरासाठी. वळणाऱ्याने ती अशी रचायची की एकाने दुसऱ्याचा आवाज दाबू नये. ते इथे साधले होते. राख करड्या रंगाची, घट्ट, बोटभर लांब राहिली तरी पडली नाही. वीस-पंचवीस मिनिटे मी एका कुशल माणसाच्या संगतीत होतो, आणि त्याचे नाव मला कधीच कळणार नव्हते. पट्ट्यावर दान्तेसचे आहे.

शेवटचा भाग मला आवडला नाही. धूर गरम झाला, जिभेवर कडवटपणा साचू लागला, जोर वाढला आणि डोके हलके झाले. हा दोष एकट्या या चिरुटाचा नव्हे. मागे उरलेल्या पानांत आधीच्या धुराचे सगळे साचते, म्हणून सगळेच चिरूट शेवटी तीव्र होतात. आणि मी नवशिका, घाईने ओढीत होतो. पण परीक्षकाने शेवट सोडून देऊ नये. दोन बोटे उरले असताना मी तो खाली ठेवला.

इथे मला असद बेग आठवला. अकबराचा हा वकील विजापूरला गेला होता. तिथे त्याला तंबाखू प्रथम दिसली, आणि १६०४-०५च्या सुमारास त्याने ती रत्नजडित चिलमीसकट बादशहापुढे नेऊन ठेवली. ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. हकीम म्हणाला, आमच्या ग्रंथांत ही वस्तू नाही, न तपासता घेऊ नये. असद बेग म्हणाला, फिरंग्यांनी ती तपासलेली असणारच. दरबारात वाद झाला, तो असद बेगने जिंकला. सरदारांनी तंबाखू मागून मागून नेली आणि व्यापारी विकू लागले. पुढे १६१७ साली जहांगीराने बंदी केली, ती कुणी जुमानली नाही. आमच्या दक्षिणेतून निघालेल्या या वस्तूचे हे पहिले परीक्षण. असद बेगची वकिली चांगली होती. बाजू हकिमाची खरी होती, हे सांगायला मी माझ्या वडिलांपेक्षा लांबचा पुरावा शोधीत नाही.

मी हे मनात घोळवीत होतो, तोवर आईने विझलेले थोटूक वर्तमानपत्रावर घेऊन उलगडले होते. बाहेरचे पान, त्याच्या आतले बांधणीचे, मग गाभ्यातली. तिने ती बोटांनी सरळ करून वेगवेगळी मांडली. मधली शीर काढलेल्या जागेवरून तिने बोट फिरवले.

"ह्ये काम बायांचं हाय," ती म्हणाली.

तेही खरे होते. पानाची शीर काढण्याचे काम तिकडे पूर्वापार बायकाच करीत आल्या आहेत. मी तिला वाचकाची गोष्ट सांगितली. चौथरा, वर्गणी, सुऱ्यांचा ठोका. तिने ती मन लावून ऐकली. निपाणीच्या वखारींत धूळ एवढी असे, की वाचणाऱ्याला तोंड उघडणे मुश्कील झाले असते. तिथल्या शेतकऱ्यांनी १९८१ साली शरद जोशींबरोबर भावासाठी रस्ता अडवला; वखारीतल्या बायका आपल्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. तेव्हा गोष्टी सांगण्यासारख्या पुष्कळ होत्या. सांगायला चौथरा नव्हता.

"तुजी कादंबरी वाचली आसती तिथं तर?" तिने विचारले.

"तर?"

"आमी झोपलो आसतो."

माझ्या लेखनावर आजवर आलेल्या अभिप्रायांत हा सर्वांत थोडक्यातला आहे. मग तिने ती पाने गोळा केली आणि म्हणाली, की एवढ्या चांगल्या मालाचा धूर केलास. तव्यावर भाजून कुटला असता तर दोन महिन्यांची मिसरी झाली असती. मिसरी सोड म्हणून मी तिच्याशी वीस वर्षे भांडतो आहे. त्या दिवशी भांडायला मला तोंड नव्हते.

तेव्हा परीक्षण असे. बांधणी उत्तम, मधला भाग असा, की तो ज्याच्या हातून उतरला त्याला मी फळी ठोकून दाद दिली असती, आरंभ बेताचा, शेवट नकोसा, 'मर्यादित' या शब्दाला गुण शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना मला त्याची एकदा आठवण झाली, आणि दुपारी आणखी एकदा. ती मला आवडली नाही. विद्यार्थ्याला मी पत्र लिहून कळवले आहे, की पुढच्या खेपेला रंगाच्या नळ्या आण.

पट्टा मात्र मी जपून ठेवला आहे. दान्तेसची गोष्ट पुरी सांग म्हणून आईने धरणे धरले, तेव्हा मुलीने वाचनालयातून इंग्रजी प्रत आणली. दहावी आणि त्यावर कलाशिक्षकाची पदविका एवढ्या भांडवलावर ते जाडजूड पुस्तक मी रोज रात्री जेवणानंतर अडखळत मराठीत सांगतो, आणि पट्टा खुणेसाठी पानांत घालतो. चौदा वर्षे तुरुंगवास फार झाला, चारात भागले असते, असे आईचे मत पडले आहे. काल रात्री त्याला प्रेत समजून पोत्यात घालून समुद्रात फेकले, तिथे मी थांबलो. ती अजून मला त्याबद्दल बोलते आहे.