‘जेट’ : बखर व अस्सल पुरावा

सर फ्रँक व्हिटल यांचे ‘जेट’ हे आत्मवृत्त १९५३ साली प्रसिद्ध झाले. पैशाची तंगी व अधिकाऱ्यांशी झालेले झगडे यांविषयी खुद्द कर्त्याची साक्ष म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. परंतु त्यांचे पहिले एंजिन १२ एप्रिल १९३७ रोजी चालले. ग्रंथ त्यानंतर १६ वर्षांनी निघाला. सबब तो बखरीच्या कोटीतला होय. अस्सल कागद म्हणजे प्रत्यक्ष एंजिन.

१९४१ साली उडालेल्या डब्ल्यू. १ एंजिनाच्या चक्रात ७२ पाती दातेरी मुळांनी खोबणींत बसविलेली होती. अशा पात्यांची वजने तंतोतंत सारखी नसतात, आणि केंद्रोत्सारी प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटास १६,५०० फेऱ्यांना गुंजभर फरकही धारवे झिजवितो. म्हणून जुळत्या वजनाची पाती समोरासमोर घालून चक्र तोलतात.

हा क्रम दाखविणारे आकडे पात्यांवर आढळल्यास ते पोथीचे पत्रांक समजावेत. जुने एंजिन चकचकीत करण्याच्या भरात ते घासले, किंवा क्रम न टिपता पाती उपसली, तर जुळणाऱ्या कारागिराची एकुलती साक्ष नष्ट होते. बखर पुन्हा छापता येईल. हे पत्रांक पुन्हा मिळणार नाहीत.