बैन संपल्यानंतरचा सवाल

दहावीच्या वर्गात मर्सिया शिकवताना आम्ही त्याची अंगे फळ्यावर क्रमाने लिहितो : चेहरा, सरापा, रुख्सत, आमद, रजज, जंग, शहादत, बैन आणि दुआ. ज्या वाचकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले त्यांच्यासाठी सांगायचे तर, रुख्सत म्हणजे घरच्यांचा घेतलेला निरोप, रजज म्हणजे मैदानात उतरलेल्या वीराने आपले कूळ सांगत दिलेले आव्हान आणि बैन म्हणजे मागे राहिलेल्यांचा आक्रोश. मुले ही यादी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बैन झाल्यावर घरची माणसं काय करतात?" आम्ही म्हणालो, दुआ. ती गप्प बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते. खरे तर आमचेही झाले नव्हते.

कारण इतिहास बैनापाशी थांबत नाही, हे तिलाही माहीत होते. करबलाच्या मैदानातून उरलेल्या कुटुंबाला कैद करून कूफ्याला आणि तेथून दमिश्कला नेले. तेथील दरबारात हजरत जैनब यांनी केलेले भाषण आपल्या परंपरेने जपून ठेवले आहे. ते भाषण म्हणजे विलाप नव्हे, ती जाबविचारणी आहे. ज्याच्या हुकुमाने घर उजाडले त्याच्यासमोर उभे राहून आप्तांनी केलेला सवाल, हा शोकवाङ्मयाचा एक स्वतंत्र घाट आहे आणि आमच्या फळ्यावरच्या यादीत त्याला जागा नाही. पुढे जे लिहितो आहोत त्यात तुलना आहे ती या घाटाची. व्यक्तींची नाही, धर्माची तर मुळीच नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त 'रेज' नावाचा एक इंग्रजी चित्रपट. बीबीसीने तो जून २०१६ मध्ये दाखवला. जिमी मॅकगव्हर्न आणि रॉबर्ट प्यू यांनी तो लिहिला असून रेज कीज या बापाची भूमिका टिम रॉथ यांनी केली आहे. गोष्ट खरी आहे. रेज कीज रुग्णवाहिकेवर काम केलेला माणूस. त्यांचा मुलगा थॉमस ब्रिटिश लष्करी पोलीस दलात लान्स कॉर्पोरल होता. २४ जून २००३ रोजी दक्षिण इराकमधील माजर अल-कबीर या गावच्या पोलीस ठाण्यात जमावाने सहा लष्करी पोलिसांना ठार केले, त्यांत थॉमसही होता. एकविसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. त्या पोलिसांपाशी दारूगोळा पुरेसा नव्हता आणि मदत मागवण्याची साधनेही धड नव्हती, हे पुढे उघड झाले. ज्या विध्वंसक शस्त्रांच्या नावाने युद्ध पुकारले होते ती इराकमध्ये सापडलीच नाहीत. मग बापाने विचारले, माझा मुलगा कशासाठी गेला?

हा प्रश्न पत्राने विचारून भागले नाही, तेव्हा हा बाप २००५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत थेट पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या सेजफिल्ड मतदारसंघात अपक्ष उभा राहिला. ब्लेअर यांना २४,४२१ मते पडली, कीज यांना ४,२५२. पण तिथली रीत अशी की निकाल लागल्यावर सारे उमेदवार एकाच मंचावर उभे राहतात आणि हरलेल्यालाही बोलू देतात. त्या रात्री कीज यांनी हळू आवाजात इतकेच म्हटले की, पंतप्रधान कधीतरी मृतांच्या घरच्यांची माफी मागू शकतील आणि जखमी सैनिकांना रुग्णालयात भेटायला जातील अशी आशा आहे. ब्लेअर मागे उभे होते. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. साऱ्या जगाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले.

आमच्या मते चित्रपटाचे बळ याच्या मांडणीत आहे. मॅकगव्हर्न यांना हा विषय नवा नाही. १९८९ च्या हिल्सबरो क्रीडांगणावरील चेंगराचेंगरीत ज्यांची मुले गेली त्या आईबापांवर त्यांनी १९९६ मध्ये चित्रपट लिहिला होता. सरकारी दारात उभ्या राहिलेल्या दुःखी माणसाला कसे बोलवतात, कसे बसवतात आणि कसे वाटेला लावतात हे त्यांना ठाऊक आहे. टिम रॉथ यांनी एरवी पडद्यावर पुष्कळ हिंसक माणसे रंगवली, पण इथे त्यांनी आवाज चढू दिलेला नाही. ॲना मॅक्सवेल मार्टिन यांनी उभी केलेली थॉमसची आई सॅली तर या कथेची दुसरी बाजूच आहे. बाप सवालाकडे निघालेला, आई बैनातच बुडालेली. एकाच घरात शोकाची ही दोन अंगे एकमेकांना समजू शकत नाहीत. लेखकाने दोघांपैकी कोणालाही लहान केलेले नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

अशा माणसांविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सैनिकाच्या आईबापांनी रडावे याला कोणाचीच हरकत नसते. ध्वज घडी करून हाती दिला जातो, बिगुल वाजते, मंत्री शोकसंदेश पाठवतात. हरकत सुरू होते ती त्यांनी विचारायला लागल्यावर. ग्लासगोच्या रोझ जेंटल यांचा १९ वर्षांचा मुलगा गॉर्डन २८ जून २००४ रोजी बसऱ्यात रस्त्याकडेच्या बाँबने मारला गेला. रोझ जेंटल, रेज कीज आणि इतर कुटुंबे मिळून युद्धविरोधी सैनिक-कुटुंबांची संघटना उभी राहिली. युद्धाच्या कायदेशीरपणाची स्वतंत्र चौकशी व्हावी म्हणून जेंटल आणि आणखी एक आई हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेल्या. एप्रिल २००८ मध्ये नऊही न्यायमूर्तींनी त्यांचे म्हणणे फेटाळले. अमेरिकेत सिंडी शीहन यांचा मुलगा केसी ४ एप्रिल २००४ रोजी बगदादच्या सद्र सिटीत पडला. ऑगस्ट २००५ मध्ये टेक्ससमधील क्रॉफर्ड येथे अध्यक्ष बुश यांच्या शेतवाड्याबाहेर त्या तंबू ठोकून बसल्या. मागणी एकच : मुलगा कोणत्या उदात्त कारणासाठी गेला ते समोर येऊन सांगा. पहिल्या दिवशी 'बिचारी आई' असलेली ही बाई आठवडाभरात कित्येकांच्या लेखी देशद्रोही झाली.

इथे समीक्षकाने प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. क्रॉफर्डला मृत सैनिकांच्या नावांचे क्रूस रोवले होते. एक बाप तेथे आला आणि आपल्या मुलाच्या नावाचा क्रूस त्याने उपटून नेला, कारण युद्ध योग्यच होते अशी त्याची श्रद्धा होती. त्याचे दुःख खोटे म्हणायचे काय? मुळीच नाही. दुःख माणसाला विचारण्याचा हक्क देते, उत्तर काय असावे ते ठरवत नाही. उत्तर पुराव्याने ठरायला हवे. 'रेज' जूनमध्ये दाखवला गेला आणि ६ जुलै २०१६ रोजी सर जॉन चिलकॉट यांचा बारा खंडांचा अहवाल आला. शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच ब्रिटन युद्धात उतरले, त्या वेळी लष्करी कारवाई हा शेवटचा उपाय नव्हता आणि शस्त्रांविषयीचे अंदाज नको इतक्या खात्रीने लोकांपुढे ठेवले गेले, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे अश्रूंनी नव्हे, कागदपत्रांनी बापाच्या सवालाला पाठबळ दिले. सवाल नेटाने लावून धरणाऱ्यांत मात्र ही कुटुंबे होती.

आता आमच्या मनातला खरा पेच. हा चित्रपट पाहून झाल्यावर आमचे एक सहशिक्षक म्हणाले, "जे दुसऱ्याच्या मुलखात बंदुका घेऊन गेले त्यांच्यासाठी आपण का हळहळायचं? मेलेल्या इराक्यांचे आईबाप कुठल्या चित्रपटात आहेत?" प्रश्न कडवट आहे, पण चुकीचा नाही. या युद्धात ब्रिटनचे १७९ सैनिक व संरक्षण कर्मचारी गेले. चिलकॉट अहवालच सांगतो की जुलै २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी मेले, बहुधा त्याहून पुष्कळ अधिक, आणि त्यांतले बहुतेक सामान्य नागरिक होते. माजर अल-कबीरमध्येही त्याच दिवशी, पोलीस ठाण्यावरील हल्ल्यापूर्वी, ब्रिटिश छत्रीधारी सैनिक आणि गावकरी यांच्यात चकमक होऊन गावातली माणसे पडली होती. घराघरांत शिरून होणाऱ्या झडत्यांनी गाव आधीच धुमसत होते. चित्रपटाची चौकट सेजफिल्डची आहे. त्या गावचे घर, त्या गावचा बाप या चौकटीत येत नाही. 'रेज'ची मोठी उणीव आम्ही हीच मानतो.

हे गाव आपल्याला वाटते तितके परकेही नाही. ते अमारा शहराच्या दक्षिणेस आहे. १९१४ च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांची 'पूना डिव्हिजन' बसऱ्यात उतरली होती. ३ जून १९१५ रोजी अमारा घेतले ते तिनेच. तिच्यात मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कुत-अल-अमाऱ्यात तिने शरणागती पत्करली. आपल्या मुलखातून गेलेल्या त्या शिपायांच्या घरी सवाल विचारण्याची सोयच नव्हती. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र बहुतांशी नुसती संख्या. ही विषमता युद्धस्मृती आयोगाच्या अहवालाने कबूल केली ती २०२१ मध्ये. ज्याचे नावच लिहिले नाही त्याच्याविषयी कोण कोणाला जाब विचारणार? दुसऱ्याच्या युद्धात गेलेल्या गरिबाच्या मुलाची हकीकत आपल्याला समजायला हवी ती यासाठी.

आणि सहशिक्षकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर चित्रपटाबाहेर, न्यायालयाच्या निकालांत सापडते. सप्टेंबर २००३ मध्ये बसऱ्यातील हॉटेलात काम करणारा २६ वर्षांचा बहा मूसा ब्रिटिश सैन्याच्या कोठडीत मारहाणीने मेला. अंगावर ९३ जखमा होत्या. त्याचे वडील दाऊद मूसा स्वतः इराकी पोलीस अधिकारी. त्यांनी आणि ब्रिटिश सैन्यामुळे माणूस गमावलेल्या बसऱ्याकडच्या आणखी पाच कुटुंबांनी ब्रिटिश सरकारवर दावा लावला. ७ जुलै २०११ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितले की, ब्रिटनने जेथे सत्ता गाजवली तेथे माणसाच्या जिवाची जबाबदारीही ब्रिटनवर येते. दोन वर्षांनी, जून २०१३ मध्ये, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सू स्मिथ आणि इतरांचा खटला आला. स्मिथ यांचा मुलगा जुलै २००५ मध्ये त्याच अमाऱ्यात, तकलादू लष्करी गाडीत बसलेला असताना बाँबने मारला गेला होता. परदेशातला सैनिकही मानवी हक्कांच्या कक्षेत येतो, असे न्यायालयाने मानले आणि आधार घेतला तो बसऱ्याच्या त्या सहा कुटुंबांच्या निकालाचा. ऑगस्ट २०१७ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी सू स्मिथ यांना पत्राने माफी कळवली.

म्हणजे काय झाले? बसऱ्यातल्या आप्तांनी दार ठोठावले, ते उघडले आणि त्याच दारातून इंग्रज सैनिकाची आई आत गेली. दोघांचे दुःख एक नव्हते, त्यांच्यात मारणारा आणि मरणारा हे अंतर होतेच. पण ज्याला विचारायचे तो एकच होता. यावर मॅकगव्हर्न यांनी लिहिले असते तर? आमची तक्रार त्यांच्या सहानुभूतीबद्दल नाही, ती सेजफिल्डच्या वेशीवर थांबली याबद्दल आहे. त्या आंदोलनातली काही माणसे वेशीबाहेर गेलेली होती. अमेरिकेतले फर्नांडो सुआरेझ देल सोलार यांचा मुलगा मार्च २००३ मध्ये आपल्याच सैन्याच्या न फुटलेल्या गोळ्यावर पाय पडून मेला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते इराकला गेले, ती जागा शोधली. पुढच्या वर्षी फल्लुजाच्या निर्वासितांसाठी औषधे घेऊन निघालेल्या कुटुंबांतही ते होते. जगण्यात जे घडले ते पडद्यावर आले नाही. कला अनेकदा माणसांच्या मागे राहते, हा तिचा दोष दाखवणे समीक्षेचे काम आहे.

तरीही 'रेज' पाहावा असे आम्ही म्हणू. अर्ध्या कथेतही एक गोष्ट पक्की आहे : आक्रोश न करता, शिवी न देता, सत्तेच्या शेजारी उभे राहून विचारलेला प्रश्न किती जड असतो ते कळते. सहशिक्षकांना आम्ही दाऊद मूसा यांची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मग ही पण वर्गात सांगा." पुढच्या वेळी मर्सिया शिकवताना फळ्यावर बैन लिहून झाल्यावर आम्ही थोडी जागा मोकळी सोडणार आहोत. परीक्षेत त्याला गुण नाहीत, हेही सांगणार आहोत.